कधीच काही न विचारणाऱ्या अनसूयेस

अनसूये,

शाळेच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहा, असं हेडमास्तर म्हणाले. तू कुठे जन्मलीस, नोकरीला कधी लागलीस, कोणत्या वर्गाला काय शिकवलंस हे ते स्वतः लिहिणार आहेत. मला म्हणाले, "तुम्ही आठवणी लिहा, बाई. हृद्य लिहा." हृद्य मला येत नाही. मला केसपेपर लिहिता येतो. आणि तुझ्याबद्दल लिहायचं तर मी तुझ्याशी भांडल्यासारखंच लिहिणार, कारण आपलं भांडण तू अर्ध्यावर टाकून गेलीस आणि ते मला चैन पडू देत नाही. दोनदा लिहायला बसले, दोनदा उठले. एकदा चुलीवरचं दूध बघून आले, एकदा उगाच दवाखान्याचं कपाट आवरलं. आता खिडकीच्या फळीवर कागद ठेवून उभ्यानंच लिहिते आहे.

तू गेल्याचं ऐकून बाया आल्या होत्या. तुझ्याच ओसरीवर बसून एक म्हणत होती, "मास्तरीण म्हंजे गाय होती, गाय." बाकीच्या माना डोलावत होत्या. मी दाराशी उभी होते, मला हसू आवरेना. गाय! इतक्या वर्षांत माझं एक म्हणणं मान्य न केलेली बाई गाय कशी असेल? तू खेचर होतीस. मऊ आवाजाचं खेचर. त्या बायांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू नर्सबाईला दुःखानं भ्रम झाला असावा.

महाराष्ट्र झाला आणि माझी बदली साताऱ्याकडून इथे बाभुळगावच्या दवाखान्यात झाली. जनपदच्या शाळा जिल्हा परिषदेकडे जायच्या गडबडीत होत्या, तुझा पगार कुठून येणार हेही कोणाला ठाऊक नव्हतं, आणि तू त्या गोंधळात सातवीतल्या एका मुलीला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आलीस. मुलीला वर्गात भोवळ यायची. आई पाठोपाठ आली, "देवीचं हाय बाई, दवाई नोका देऊ." मी माझं काम केलं. जेवतेस का, झोपतेस का, पाळी कधी आली, पोटात दुखतं का, घरी कोण कोण आहे, मारतात का. लोहाच्या गोळ्या दिल्या. तू बाहेर पायरीवर थांबली होतीस. मी आल्यावर म्हणालीस, "तुमी तिले इतके सवाल इचारले. येकाचं तरी उत्तर भेटलं काय?"

"गोळी लागू पडेल," मी म्हणाले.

"गोळी लागू पडंल. पन ती तुमच्याकडं पुन्हा येनार नाई."

आली नाही. तुझ्या ओसरीवर जाऊन बसू लागली.

तुझी पद्धत मला समजायला वेळ लागला. शाळा सुटली की तू ओसरीवर सुपं मांडायचीस. तुझ्या भावाच्या वावरातली तूर, घरच्या जात्यावर भरडलेली, खड्यांनी भरलेली. जो कोणी येईल त्याच्यापुढे एक सूप. येणारी सगळी तरणी पोरं. मॅट्रिक नापास झालेली, लग्न मोडलेली, लग्न झालेली आणि माहेरी पाठवलेली, घरात कोणाशी न बोलणारी. तांड्यावरचा हरी यायचा. पुसदला वसतिगृहात राहून शिकत होता, तिथून परत आला तो पुन्हा जायलाच तयार नाही, बापाबरोबर शेतातही जाईना. तो तुला याडी म्हणायचा, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. एकमेकांकडे तोंड करून कोणी बसत नसे. सगळ्यांच्या माना खाली, बोटं डाळीत. तू कोणालाही काही विचारत नव्हतीस. कसा आहेस, एवढंही नाही. कोणी बोललं तर ऐकायचीस, नाही बोललं तर डाळ निवडून झाली की गुळाचा खडा आणि "उद्या ये." हरी हिवाळाभर एक शब्द न बोलता येत राहिला. मग एका दुपारी डाळीकडे बघत म्हणाला, "याडी, तिथं मले रात्री मारत होते." तू मान वर केली नाहीस म्हणे. हे मला हरीनंच सांगितलं, तू नाही.

मी हे सगळं फाटकातून बघायची आणि मला राग यायचा. मुलांना झोप नाही, भूक नाही, एकीचे केस झडताहेत, आणि ही बाई त्यांना डाळ देते! एकदा मी सरळ आत आले. पोरं गेली होती. तू एकटीच होतीस आणि एका डब्यातले खडे मुठीनं घेऊन निवडलेल्या डाळीत परत मिसळत होतीस.

"अनसूये, हे काय चाललंय?"

तू दचकलीससुद्धा नाहीस. "डाळ सरली."

"मग?"

"सरली तं पोट्टे कायच्या निमतानं येतीन?"

मी कपाळाला हात लावला. "अगं, त्यांना कळलं तर?"

"हरीले माह्यत हाय. तोच खडे वेगळे ठेवते."

त्या दिवसापासून आपण एकमेकींना अगंतुगं करायला लागलो. बाजारात तुझ्या घराला लोक डाळीचा दवाखाना म्हणायचे. भाजीवाली मला विचारायची, "काहो नर्सबाई, तुमचा मोठा का मास्तरनीचा?" तू हे ऐकून खूश व्हायचीस. मी व्हायची नाही. मी म्हणायचे, सगळं डाळ निवडून बरं होत नाही, काहींना डॉक्टर लागतो, गोळी लागते. तू म्हणायचीस, "लागते ना. पन डाक्टरपाशी जायेपर्यंत पोट्टं जगलं पायजे." हे वाक्य तू सहज, गुळाचा डबा बंद करताना बोलली होतीस. तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं होतं.

आता मधुकरबद्दल. मधुकर हे त्याचं नाव नाही. माणसांची नावं मी बदलली आहेत, तुझं आणि माझं सोडून, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्या पोरांना विचारूनच लिहिते आहे. तू असतीस तर तरीही कटकट केली असतीस.

मधुकर आपल्याच शाळेतला, हुशार, वर्गात हात वर करणारा. अमरावतीला कॉलेजात गेला आणि दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. आधी सांगितलं, मेसचं जेवण बाधलं. मग सांगितलं, हिवताप. मग लोकांनी विचारणं सोडलं. दिवसभर माडीवर पडून राहायचा, नाहीतर वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसायचा. कापसाची वेचणी ऐन भरात, घरात माणूस कमी, आणि हा धुऱ्यावर. त्याचा बाप देवराव वाईट माणूस नाही. मुलाकडे पाहिलं की ओरडावं की रडावं हे त्याला समजायचं नाही, म्हणून तो ओरडायचा.

फाल्गुनात एका सकाळी त्यांच्याकडून मला बोलावणं आलं. मधुकर विहिरीत पडला होता, गड्यांनी वर काढलं होतं. "पाय घसरला," देवराव म्हणाला. "पायरीवर शेवाळ हाय ना," त्याची आई म्हणाली. मी खरचटलेले कोपर धुतले, पट्टी बांधली, छाती तपासली. फाल्गुनात त्या विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असतं, वरच्या पायऱ्या वाळून खडखडीत होतात. मी तसं म्हणाले नाही. घरात सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. निघताना मुलाला एवढंच म्हणाले, "अनसूयाबाईकडे डाळ निवडायला माणूस हवाय." हो, मीच पाठवला तुझ्याकडे. तुझ्या पद्धतीवर विश्वास होता म्हणून नव्हे. दिवसभर कोणाच्या तरी नजरेसमोर राहील म्हणून.

तो आला. येत राहिला. महिन्याभरानं मी जाता-येता बघायची तर त्याचे ओठ हलताना दिसायचे. तू खाली मान घालून बसलेली. काय बोलतो ते मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तू सांगितलं नसतंस.

मग देवरावनं त्याचं लग्न ठरवलं.

इथे पोरगं गप्प झालं, भटकायला लागलं, जेवेनासं झालं की पहिला उपाय मांत्रिकाचा आणि दुसरा लग्नाचा. दुसरा जास्त घाईनं करतात, कारण गावात चर्चा सुरू व्हायच्या आत तो उरकावा लागतो. देवराव दवाखान्यात बायकोच्या खोकल्याचं औषध न्यायला आला तेव्हा स्वतःच म्हणाला, "अंगाले हयद लागली का डोकं ठिकानावर येते, नर्सबाई. मायं बी तसंच होतं."

"मग आलं का तुमचं ठिकाणावर?"

"आलंच ना. संसारात इचार कराले टाइमच कुठं भेटते?"

मुलगी लोहाऱ्याकडची, कापूस-तुरीचं घर. दोन्हीकडची पसंती एका दिवसात झाली. मुलीकडच्यांनी मुलगा कॉलेज सोडून का आला, हेसुद्धा विचारलं नाही. देवरावला त्याचं फार कौतुक वाटलं. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला.

मी त्याच संध्याकाळी तुझ्याकडे आले. तू कंदिलाची काच पुसत होतीस.

"मुलीकडच्यांना सांगणार आहेस की नाही?"

"काय सांगू?"

"विहीर."

"पाय घसरला म्हंते ना देवराव."

"अनसूये."

तू काच पुसत राहिलीस. स्वच्छ झालेली काच पुन्हा पुसायला घेतलीस. त्यावरूनच मला जे कळायचं ते कळलं.

"त्यानं माह्यापाशी जे सांगतलं असंल ते माह्यापाशीच राहीन," तू म्हणालीस. "आज मी तोंड उघडलं, तं उद्या या ओसरीवर येक पोट्टं येनार नाई. हरी नाई, कोनीच नाई. मंग तू बस कोपराले पट्ट्या बांधत."

"आणि ती मुलगी? तिला न सांगता तिच्या गळ्यात बांधणार? तुझ्या ओसरीवर येऊन बसली नाही म्हणून ती कोणाची पोर नाही?"

"मी तसं म्हनलं काय?"

"तेच म्हणतेयस. आलेल्या पोरांची काळजी तुला, न आलेल्यांची कोणाला?"

तुझा चेहरा उतरला. तसा कधी उतरलेला मी पाहिला नव्हता. माझा आवाज चढला होता. शेजारचं कुत्रंसुद्धा उठून उभं राहिलं होतं. तू कंदील पेटवलास, काच बसवलीस, मग म्हणालीस, "मले नाई सांगता येनार, लीले. पोट्ट्यालेच सांगू दे. आठ दिवस दे मले."

"साक्षगंधच आठ दिवसांवर आहे."

"तं सात दे."

तू हसलीस. मी हसले नाही. फाटक जोरात लोटून निघून गेले.

आपलं बोलणं ते एवढंच. त्यानंतर तीन-चार दिवसांत तू वर्गात फळ्यावर गणित लिहिता लिहिता खाली बसलीस. मुलं धावत दवाखान्यात आली. मी पळत आले, पण पळण्याचा काही उपयोग नव्हता. नंतर तुझ्या भावानं सांगितलं की महिनाभर तुझ्या छातीत दुखत होतं. महिनाभर! दवाखान्यापासून तुझं घर हाकेच्या अंतरावर. मी रोज फाटकातून जात होते. गावातल्या सगळ्या पोरांना बोलायला जागा करून दिलीस, आणि स्वतःच्या छातीतलं दुखणं मला सांगायला तुला जागा सापडली नाही? यासाठी मी तुला माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही.

साक्षगंध काही थांबलं नाही. परक्या घरचं सुतक, त्यांना काय. तुझा भाऊ घराला कुलूप लावून वावरात निघून गेला. आणि आदल्या दिवशी दुपारी मी दवाखाना बंद करून निघाले तर मधुकर तुझ्या पायरीवर बसलेला.

"दार बंद आहे," मी म्हणाले.

"माह्यत हाय."

"मग?"

"कुठं जाऊ?"

अशा वेळी तू काय केलं असतंस ते मला ठाऊक होतं. काही न बोलता शेजारी बसली असतीस. मला ते जमलं नाही. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "मधुकर, मी अनसूयाबाई नाही. मला गप्प बसता येत नाही. उद्या साक्षगंध आहे. तुझ्याबद्दल जे खरं आहे ते मुलीच्या घरी तू सांग. नाहीतर जेवढं मी डोळ्यांनी पाहिलं तेवढं मी सांगेन."

तो पायरीचा पोपडा नखानं काढत बसला. मग म्हणाला, "बाई बी हेच म्हनल्या होत्या."

"कधी?"

"त्या दिवशी. सकायी, शाळेच्या आंधी. म्हनल्या, तूच सांग, मी संगं येईन. आपून दोघं जाऊ." मग पोपडा खाली टाकून, "अन् दुपारी त्याच गेल्या."

हे तू मला सांगायला हवं होतंस, अनसूये. मी चार दिवस तुझ्यावर चिडून होते. तू गेलीस तेव्हाही चिडलेलीच होते. आणि तू तेवढ्यात माझं अर्धं म्हणणं ऐकून, त्याला तुझं अर्धं जोडून, निघण्याची तयारीही करून टाकली होतीस.

"मी येते," मी म्हणाले.

"तुमाले सुट्टी भेटंल?"

"ते मी बघते. पण येताना यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांना दाखवायचं. ही माझी अट."

सकाळच्या एसटीनं निघालो. तो खिडकीशी. मला त्याच्या शेजारी शांत बसायचं होतं, तसं ठरवूनच चढले होते. पण मी पळसाच्या फुलांवर बोलले, एसटीच्या खड्ड्यांवर बोलले, रेशनच्या लाल ज्वारीवर बोलले. यवतमाळ दिसायला लागलं तेव्हा तो म्हणाला, "नर्सबाई, जरा थांबता काय?" मी थांबले. त्याचं ओठातल्या ओठात चाललं होतं. बोलायचं पाठ करत होता.

लोहाऱ्याच्या पुढे थोडं चालत गेलो. मुलीचे वडील, नामदेवराव, अंगणात बैल धूत होते. आम्हाला बघून धावपळ झाली, सतरंजी आली, पाणी आलं. त्यांना वाटलं साक्षगंधाच्या वेळेबद्दल काही निरोप असेल. मुलगी, कुसुम म्हणू तिला, पाण्याचे तांबे ठेवून चौकटीआड गेली. मधुकरनं पाणी घेतलं नाही. सतरंजीच्या कडेला उभाच राहिला आणि म्हणाला, "माया पाय घसरला नोता."

कोणाला काही कळलं नाही. नामदेवराव म्हणाले, "कुठं गा?"

"आमच्या विहिरीत. बाबा सांगतीन का पाय घसरला. पाय नाई घसरला. मी उतरलो होतो." त्यानं सतरंजीची कड पायानं सरळ केली. "मले झोप येत नाई. कधी कधी काहीच नको वाटते. आता जरा बरं हाय, पन पुरं नाई. तुमच्या पोरीले हे माह्यत नसतानी लगन नको."

मी आरडाओरडा होणार म्हणून तयारीत होते. काय उत्तर द्यायचं तेही जुळवून ठेवलं होतं. पण नामदेवराव मधुकरकडे बघेनात. ते बायकोकडे बघू लागले. तिनं पदर तोंडाला लावला. आणि चौकटीआडून आवाज आला, "माय, आता तू बी सांग."

"तू अंदर जाय," नामदेवराव म्हणाले.

"मी नाई जात. त्यानं सांगतलं ना? मंग आपून कायले लपवतो?"

ती बाहेर आली. बाहीची कड वर करून तिनं मनगट पुढे केलं. डागल्याच्या खुणा होत्या, मांत्रिकाच्या. तिची थोरली बहीण बाळंतपणात गेली, त्यानंतर वर्षभर ही जेवत नव्हती. तीच सांगत होती, सरळ, माझ्याकडे बघत. "मी घास घेतला का मले ती दिसे. अजूनबी दिसते. घरचे म्हनतात, लगन झालं का नाई दिसनार."

नामदेवराव खाली बसले. "आमाले वाटलं," ते म्हणाले, "पोरगा शिकलेला, घर चांगलं, अन् सवाल बी जास्त करत नाईत. देवमानसं भेटली म्हनलं."

अनसूये, मला त्या क्षणी तू शेजारी हवी होतीस. दोन घरं, दोन बाप, दोघेही एकमेकांच्या घाईवर खूश. प्रत्येकाला वाटत होतं आपलं लपलं. आणि मी, जी त्या धडधाकट, भोळ्या, काही ठाऊक नसलेल्या मुलीसाठी तुझ्यावर ओरडले होते, ती तशी मुलगी नव्हतीच. हसू येत होतं आणि हसणं बरं नव्हतं. मी चहा मागितला. सगळ्यांनी प्यायला, मधुकरनंसुद्धा, आणि पिता पिता त्यानं तुझं, ओसरीचं, तू गेल्याचं सांगितलं. तो आणि कुसुम एकमेकांकडे एकदाही बघत नव्हते, पण दोघांचे खांदे खाली आले होते. ते मी पाहिलं.

साक्षगंध झालं नाही. देवराव अजून माझ्याशी बोलत नाही. रस्त्यात दिसला की बाजूला थुंकतो आणि निघून जातो, पण मुलाला डॉक्टरांकडे न्यायला त्यानं अडवलं नाही. गोळ्या सुरू आहेत. झोप लागते. गोळ्या कुठून आणतो असं मी त्याला विचारलं तर म्हणाला, "बाबाच आनून देतात. पन सांगू नका म्हनतात." बाजारात काहीजण म्हणतात, आता त्या दोघांचं आपोआप जमेल. जमो न जमो. तो माझा विषय नाही, आणि त्यांच्या बापांचाही नसावा.

त्या दिवशी आम्ही निघालो तर नामदेवराव एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवायला आले. गाडी दिसल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या मास्तरनीच्या ओसरीवर बाहेरगावचं पोट्टं चालते काय?"

"मास्तरीण वारली," मी म्हणाले. "तुम्हाला ठाऊक आहे."

"ठावं हाय. मंग आता तिथं कोन बसते?"

गाडी थांबली होती. कंडक्टर घाई करत होता. "मी," मी म्हणाले. तोंडून निघून गेलं. एसटीत बसल्यावर मधुकर पहिल्यांदा हसला. "तुमी? बसनार?"

तुझ्या भावाकडे किल्ली मागायला गेले तर तो म्हणाला, घरात सरकी भरायची आहे. मी म्हणाले, आतल्या खोलीत भर, ओसरी मला दे. तो म्हणाला, पोरांनी सरकी सांडली तर? मी म्हणाले, तर मी उचलीन. आणखी अर्धा तास हुज्जत झाली. तुझ्याशी घातलेल्या हुज्जतीचा सराव कामी आला.

पहिले काही दिवस ओसरीवर हरी आणि मधुकर दोघेच. लोक फाटकातून डोकावून जायचे. मी दवाखान्यातून सुटले की यायची, उभी राहायची, झाडायची, पुन्हा उभी राहायची. हरी एकदा म्हणाला, "तुमी असं फिरू नका ना, मले चक्कर येते." मी खांबाला टेकून उभी राहिले. तेवढंच जमलं.

काल बाजाराचा दिवस होता. नामदेवराव एसटीनं कुसुमला घेऊन आले, तिला फाटकात सोडलं आणि स्वतः बाजारात निघून गेले. ती ओसरीवर चढली. मी तिच्यापुढे सूप ठेवलं.

"मले डाळ नाई निवडाची," ती म्हणाली. "घरी तेच करते दिवसभर."

खरं होतं तिचं. हरी खाली मान घालून हसायला लागला. मी जरा गडबडले. मग पिशवीत दवाखान्याच्या पट्ट्यांचं कापड होतं ते काढलं. धुऊन वाळवलेलं, लांब लांब फाडलेलं, गुंडाळायचं राहिलेलं. पट्टी नीट घट्ट गुंडाळायची तर एकीनं टोक ताणून धरावं लागतं आणि दुसरीनं गुंडाळत यावं लागतं. म्हणजे मला बसणं भाग होतं. मी बसले. टोक धरलं. ती गुंडाळू लागली. पहिली ढिली झाली, मी काही बोलले नाही. ओठावर आलं होतं.

दुसऱ्या पट्टीला तिनं विचारलं, "तुमी काही इचारत नाई?"

"नाही."

"नर्सबाई तं लय सवाल करतात म्हने. त्या दिवशी मधुकर म्हनत होता."

"करते. इथे नाही."

"मंग मी कायले आली?"

मला खरोखरच ठाऊक नव्हतं. तू काय सांगितलं असतंस तेही मला ठाऊक नाही, कारण असं तुला कोणी विचारल्याचं मी कधी ऐकलं नाही. मी म्हणाले, "पट्टी सैल होतेय. जरा ओढून धर."

ती गुंडाळत माझ्या जवळ आली, पट्टी संपली, नवी घेतली, पुन्हा लांब गेली. असं किती वेळ चाललं कोण जाणे. माझे गुडघे धरले होते, उठावंसं वाटत होतं, दवाखान्यात काम पडलं होतं. मी उठले नाही. मग पट्टीवर नजर ठेवून ती बोलायला लागली. नामदेवराव परत येईपर्यंत बोलत होती.

ती काय बोलली, ते मी तुलाही सांगणार नाही.

लीला